टॅमिफ्लूची भीती आणि वस्तुस्थिती



टॅमिफ्लू या फ्लूवरील औषधामुळे मुले भ्रमिष्ट होतात, हा गेल्या अंकातील पत्रलेखकाचा दावा अर्धवट आहे.

जपानमध्ये हे औषध घेतलेली काही मुले उंचावरून पडून दगावली. त्यानंतर २००७ मध्ये तेथील सरकारने १० ते १९ वयोगटासाठी त्यावर निर्बंध आणले, हे खरे. पण तसेच भ्रमिष्ट वर्तन औषध न घेतलेल्या फ्लूच्या रुग्णांतही आढळले आणि २०१८ मध्ये निर्बंध उठले.

या औषधाचा नेहमीचा त्रास मळमळ आणि उलट्यांचा. जेवणानंतर गोळी घेतल्यास तो कमी होतो. मूत्रपिंडाच्या रुग्णांना मात्र कमी मात्रा लागते.

लक्षणे दिसल्यापासून ४८ तासांत सुरू केल्यास औषधाचा उपयोग सर्वाधिक. पालकांनी घाबरून गोळ्या परस्पर बंद करू नयेत, डॉक्टरांना विचारावे. औषध चालू असो वा नसो, फ्लूने तापलेल्या मुलाला पहिले दोन दिवस एकटे सोडू नये.

– एक वाचक