विश्लेषण : ‘नॅचरल किलर’ पेशींना जोर हवा की लगाम?

पनवेल महापालिका हद्दीत, खारघरला असलेल्या टाटा स्मारक केंद्राच्या ‘ॲक्ट्रेक’ संस्थेत ४ जून २०२१ रोजी भारतात प्रथमच कार-टी पेशी उपचार झाला. कर्करोगासाठीचे हे तंत्र आता जगभरात ल्युपससारख्या ऑटोइम्यून आजारांकडे वळत आहे. त्यात ‘नॅचरल किलर’ अर्थात एनके पेशींवरही संशोधन सुरू आहे. बाजारात मात्र प्रतिकारशक्ती म्हणजे जितकी जास्त तितकी चांगली, असेच सांगितले जाते. एनके पेशींचा अभ्यास नेमका याच समजाला छेद देतो.

या पेशी काय करतात?

१९७५च्या सुमारास स्वीडन आणि अमेरिकेतील संशोधकांनी त्या ओळखल्या. रक्तातील लसिकापेशींपैकी साधारण ५ ते १५ टक्के पेशी या प्रकारच्या असतात. निरोगी पेशी आपल्या पृष्ठभागावर ‘मी आपलीच’ अशी ओळखखूण बाळगते. विषाणूने ग्रासलेल्या किंवा कर्करोगाच्या पेशीवरून ती खूण अनेकदा नाहीशी होते. एनके पेशी परफोरिन या प्रथिनाने अशा पेशीला भोके पाडून तिचा नायनाट करते. शिवाय इंटरफेरॉन गॅमासारखी रसायने सोडून ती इतर पेशींना लढ्यात उतरवते.

ऑटोइम्यून आजारात त्या कोणाच्या बाजूने?

दोन्ही. ऱ्हुमॅटॉइड संधिवातात त्या सांध्यातील द्रवात जमतात आणि त्यांची रसायने दाह भडकवू शकतात. याउलट, ल्युपस बळावलेल्या रुग्णांत त्यांची संख्या आणि मारकक्षमता बहुधा घटलेली दिसते. मल्टिपल स्क्लेरोसिसवरील डॅक्लिझुमॅब या औषधाने एनके पेशींचा एक प्रकार वाढे आणि त्या चेतातंतूंवर हल्ला करणाऱ्या टी पेशींना आवर घालत, असे आढळले. पण मेंदूदाहासारखे गंभीर दुष्परिणाम समोर आल्याने मार्च २०१८मध्ये हे औषध जगभरातून मागे घेण्यात आले. प्रतिकार यंत्रणेची एक कळ दाबली की दुसरीकडे काय हलेल, याचा नेम नसतो.

त्या निकामी झाल्या तर?

एनके पेशी थकलेल्या लढ्याला पूर्णविरामही देतात. परफोरिनमध्ये जन्मजात दोष असेल, तर दाह थांबतच नाही. या आजाराला ‘एचएलएच’ म्हणतात. न उतरणारा ताप, रक्तपेशींची घसरण, वाढलेली प्लीहा आणि फेरिटिनची मोठी वाढ ही त्याची लक्षणे. लहान मुलांच्या एका प्रकारच्या संधिवातात असाच दाहाचा उद्रेक होतो. डेंग्यूनंतरही तो होऊ शकतो. मुंबईत केईएमच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत एचएलएचच्या विशेष चाचण्या होतात.

नव्या उपचारांची स्थिती काय?

जर्मनीतील एर्लांगेनच्या डॉक्टरांनी २०२२मध्ये ल्युपसच्या पाच रुग्णांवरील कार-टी उपचाराचे निष्कर्ष मांडले. पाचही जणांचा आजार आटोक्यात आला होता. मात्र या पेशी सहसा प्रत्येक रुग्णासाठी स्वतंत्र तयार कराव्या लागतात. एनके पेशी दात्याच्या किंवा नाळेच्या रक्तापासून आधीच करून ठेवता येतात, हे त्यांचे आकर्षण. परंतु ऑटोइम्यून आजारांत हे सारे अजून चाचण्यांच्या टप्प्यावर आहे.

मग काय करायला हवे?

पहिली गोष्ट, ल्युपस किंवा संधिवाताच्या रुग्णांनी प्रतिकारशक्ती ‘वाढवणारी’ पूडगोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. त्यांची औषधे हीच शक्ती आवरण्यासाठी असतात. दुसरी, पावसाळ्यात डेंग्यूचा ताप अपेक्षेपेक्षा लांबला आणि रक्तपेशी घसरतच राहिल्या, तर फेरिटिन तपासण्याची सवय पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयापासून कर्जत-खालापूरच्या दवाखान्यांपर्यंत रुजायला हवी. तिसरी, खारघरच्या अनुभवाचा उपयोग ऑटोइम्यून रुग्णांसाठीही व्हावा, पण तो संधिवाततज्ज्ञांना सोबत घेऊन, नियामकांच्या परवानगीने आणि रुग्णाकडून पैसे न घेता होणाऱ्या चाचण्यांतून. अर्धवट पुराव्यावर ‘एनके थेरपी’ विकणाऱ्यांना मोकळे रान मिळाले, तर सर्वात मोठी किंमत मोजावी लागेल ती वर्षानुवर्षे दुखणे सोसून हताश झालेल्या रुग्णालाच.