कामाची गाडी कोणाची?

खाचखळग्यांतून चालणारी दणकट गाडी कामासाठी म्हणून विकत घेतो तरी कोण? हा प्रश्न वाणिज्य शाखेचा वाटेल. मला मात्र तो समाजशास्त्राच्या तासाला विचारावासा वाटतो.

या गाड्यांची मूळ माता जीप. दुसऱ्या महायुद्धात ती अमेरिकन सैन्यासाठी जन्माला आली. आपल्याकडे १९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीने १९४७ पासून विलीज जीपची मुंबईत जोडणी सुरू केली. पुढे कित्येक वर्षे खेड्यात जीप आली म्हणजे साहेब आले, असेच समीकरण होते. तहसीलदार, धरणाचे इंजिनिअर, वनाधिकारी आणि निवडणुकीतले उमेदवार हे तिचे स्वार. गावकरी धुरळा पाहत बाजूला उभे राहत.

आज चित्र बदलले आहे. मी पाटण तालुक्यातला. आमच्या भागात अशी गाडी घेतो तो दूध गोळा करणारा, छोटा ठेकेदार, किंवा वडाप चालवणारा तरुण. २००० साली आलेली बोलेरो त्याच्या विशेष मर्जीतली. खाली शिडीसारखा लोखंडी सांगाडा, मागे कमानपाटे, आणि बिघडली तर तालुक्याच्या गॅरेजात दुरुस्त होणारे इंजिन. चारही चाकांना जोर देणारी यंत्रणा तो मागत नाही. माणसे किती बसतील, डिझेल किती खाईल आणि हप्ता किती पडेल, एवढेच तो विचारतो. उलट रानावनाची गाडी म्हणून जिचे कौतुक होते त्या ‘थार’चीही २०२३ पासून फक्त मागच्या चाकांवर चालणारी आवृत्ती मिळते. हौसेला माझा विरोध नाही. पण कष्टाचा डौल एकाने मिरवावा आणि कष्ट दुसऱ्याने करावेत, याची नोंद तरी आपण घ्यावी.

खरा प्रश्न वडापचा आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे भाडे घेऊन प्रवासी नेण्यास परवाना लागतो. तो पुष्कळांकडे नसतो. माणसे कोंबून भरली जातात, मागे लोंबकळतात, अपघात झाला की विम्याचा आधार नसतो. शिवाय वडाप एस. टी.चे उत्पन्न पळवते, असा आक्षेप आहे. एस. टी.त महिलांना अर्धे तिकीट आहे, पंचाहत्तरी उलटलेल्यांना प्रवास मोफत आहे. वडापमध्ये यातले काही नाही. हे सर्व मला मान्य आहे. परंतु ज्या वाडीत एस. टी. येतच नाही, तिथे ती सवलत कोणाच्या उपयोगाची?

२०२१ च्या नोव्हेंबरात एस. टी.चा संप चालू असताना खाजगी वाहनांना प्रवासी नेण्याची मुभा सरकारनेच दिली होती. म्हणजे अडचणीच्या दिवसांत चालते ते एरवी गुन्हा ठरते. वरच्या वाड्यांना तर रोजच संप असल्यासारखा आहे. बारावीनंतर मुलीला कॉलेजात पाठवायचे की नाही, हे तिथे गुणांवर ठरत नाही; संध्याकाळी परतीचे वडाप मिळेल की नाही, यावर ठरते. आपल्या वर्गातून वर्षाच्या मध्येच दिसेनाशा झालेल्या मैत्रिणी आठवून पाहा.

म्हणून माझे मत असे की, जिथे एस. टी. जात नाही अशा मार्गांवर या गाड्यांना रीतसर परवाने द्यावेत. प्रवाशांची संख्या, भाडे व विमा ठरवून द्यावा आणि फाट्यावरच्या एस. टी.च्या वेळेशी त्यांच्या फेऱ्या जुळवाव्यात. नियम मोडणाऱ्यावर मग खुशाल कारवाई करावी. एस. टी. वाडीपर्यंत आली, तर वडापवाल्याने बाजूला व्हावे, हेही उघड आहे.

आपण विद्यार्थी परवाने देऊ शकत नाही. पण राष्ट्रीय सेवा योजनेच्या पुढच्या शिबिरात एक काम करू शकतो. कोणत्या वाडीतून कॉलेजला किती मुलेमुली येतात, कशाने येतात आणि कोणती गाडी नसल्यामुळे किती जणांचे शिक्षण थांबले, याची यादी करू. ती यादी प्राचार्यांच्या सहीने आगारप्रमुखांकडे आणि परिवहन कार्यालयात जावी. कामाची गाडी कोण घेतो, याचे उत्तर तीत नावानिशी सापडेल. आणि ती गाडी कोणासाठी अडून बसली आहे, तेही.