सातवी चाल कोणाची?

काळी मोहरी वाट्याला आली की नवखं पोरगं एक युक्ती करतं: समोरच्याने घोडा काढला, आपणही काढायचा, त्याने प्यादं सरकवलं, आपणही तेच. चंद्रपूर असो की अहेरी, शालेय बुद्धिबळात ही नक्कल ठरलेली. मास्तर हसतात. हसू नये; खुद्द जगज्जेत्यानेही ती केली आहे.

२७ जुलै १९७२, रेक्याविक. जगज्जेतेपदाच्या लढतीतला आठवा डाव. एरवी राजापुढचं प्यादं ढकलणाऱ्या बॉबी फिशरने वजिराच्या उंटापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं. हीच इंग्लिश ओपनिंग. १८४३ मध्ये लंडनच्या स्टाँटनने सेंत-आमांविरुद्ध ती खेळली, तेव्हापासून हे नाव. बोरिस स्पास्कीनेही तेच प्यादं काढलं. मग दोघांचे दोन्ही घोडे बाहेर आले, राजाकडचे उंट लांब कर्णावर बसले, दोघांचं कॅसलिंग झालं. सहा चालींनंतर पटाचा एक अर्धा भाग दुसऱ्याचा आरसा झाला होता.

पण सातवी चाल पुन्हा पांढऱ्याची! फिशरने वजिरापुढचं प्यादं मधोमध घुसवलं आणि बरोबरी मोडली.

पंधराव्या चालीला स्पास्कीने बी-पाचवर प्यादं रेटलं. फिशरचा उंट थेट ए-सातवर, हत्तीच्या बोकांडी. हत्ती पळणार कुठे? ए-आठ आणि बी-सात या दोन्ही घरांवर दुसऱ्या उंटाचा डोळा, बी-सहावर याच उंटाचा. उंटाच्या बदल्यात हत्ती गेला. पुढे घोडा डी-सातवर नेण्याची घोडचूक झाली आणि सदतिसाव्या चालीला स्पास्कीने डाव सोडला. फिशर ५, स्पास्की ३.

आपल्याकडेही पट सगळ्यांना सारखाच मिळतो, पहिली चाल नाही. चंद्रपूर-गडचिरोली नागपूर विभागात. सिरोंच्याच्या पोराला जिल्ह्याचं ठिकाण गाठायलाच दोनशे किलोमीटरच्या आसपास एसटी. तिथे जिंकून विभागीय फेरीला गेलं, तर समोर नागपूर: रौनक साधवानी, संकल्प गुप्ता, दिव्या देशमुख या ग्रँडमास्टरांचं गाव. तिथल्या पोरांना प्रशिक्षक आणि मानांकन स्पर्धा घराजवळ मिळतात.

यातल्या दिव्याचा एक डाव या पोरांना जरूर दाखवावा. जुलै २०२५ मध्ये ती बातुमीच्या महिला विश्वचषकात पंधरावं मानांकन घेऊन उतरली, तेव्हा ग्रँडमास्टरचा एकही नॉर्म हाती नव्हता. अंतिम फेरीत कोनेरू हंपीविरुद्ध सगळं बरोबरीत होतं. दुसऱ्या जलद डावात पहिली चाल हंपीची होती. काळी मोहरी घेऊन दिव्याने तो जिंकला.