विकत घेतलेले कोअर, मिळणारा वेळ

क्लाउडच्या बिलावर ‘२ व्हीसीपीयू’ असे छापलेले असते आणि घेणारा समजतो, दोन कोअर आपले झाले. तसे झालेले नसते. इंटेलच्या प्रोसेसरवर चालणाऱ्या बहुतेक क्लाउडमध्ये एक व्हीसीपीयू म्हणजे एक हायपरथ्रेड, आणि असे दोन हायपरथ्रेड मिळून एकच कोअर वापरतात. त्यावर सतत आपलेच काम चालेल, ही हमी स्वस्त योजनांत सहसा नसते. आपण घेतो ती वेळेची वाटणी. तिचे नियम न वाचता तिच्यावर रुग्णालयांच्या नोंदी आणि परीक्षांचे निकाल सोपवणे मला धोक्याचे वाटते.

वाटणीची कल्पना वाईट नाही. एमआयटीमध्ये फर्नांडो कोर्बातो आणि सहकाऱ्यांनी १९६१ साली एकच संगणक अनेकांना एकाच वेळी वापरायला दिला, तो याच तत्त्वावर. एक जण विचार करत थांबला असेल, तेवढ्यात दुसऱ्याचे काम उरकते. आजचे व्हर्च्युअल मशीन आणि कंटेनर त्याच विश्वासावर उभे आहेत: सगळ्यांना एकाच क्षणी प्रोसेसर लागणार नाही.

लिनक्सवर कंटेनरांमधली ही वाटणी मुख्यतः दोन तऱ्हांनी होते. पहिली वजनाची. एका कंटेनरला १०२४ आणि दुसऱ्याला ५१२ वजन दिले, तर दोघेही भुकेले असताना पहिल्याला दोन तृतीयांश वेळ मिळतो आणि दुसऱ्याला एक तृतीयांश. दुसरा स्वस्थ असेल तर पहिल्याला सगळाच मिळतो. इथेच फसगत सुरू होते. शेजारी निजलेला असताना मिळालेला वेग हाच आपला वेग, असे आपण धरून चालतो. उद्या त्याच सर्व्हरवर १०२४ वजनाचा तिसरा आला, की आपला हक्काचा वाटा ६६ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर येतो. आपल्या सेटिंगमधला एक आकडाही बदललेला नसतो, आणि आपल्याला कोणी कळवतही नाही.

दुसरी तऱ्हा मर्यादेची. ती २०१२ च्या जानेवारीत लिनक्स ३.२ बरोबर आली. हिशेब साधारणपणे १०० मिलिसेकंदांच्या खेपेने होतो. दोन कोअरची मर्यादा म्हणजे प्रत्येक खेपेत २०० मिलिसेकंद प्रोसेसर-वेळ. आता सर्व्हरला १६ कोअर आहेत आणि आपल्या प्रोग्रामने १६ थ्रेड एकदम सोडले, असे समजा. साडेबारा मिलिसेकंदांत वाटा संपतो, आणि उरलेले साडेसत्त्याऐंशी मिलिसेकंद सगळे थ्रेड गोठलेले राहतात. हे उदाहरण कल्पनेतले नाही. जावाच्या जुन्या आवृत्त्या कंटेनरची मर्यादा न पाहता अख्ख्या सर्व्हरचे कोअर मोजून थ्रेड काढत. ‘गो’ भाषेला लिनक्सवरची ही मर्यादा आपणहून ओळखता आली ती १.२५ आवृत्तीत, म्हणजे २०२५ मध्ये. शिवाय लिनक्सच्या हिशेबातच काही वर्षे एक दोष होता: पुरता वाटा न वापरलेले कंटेनरही थांबवले जात. २०१९ च्या ५.४ आवृत्तीत तो दूर झाला.

यातले काहीही नेहमीच्या आलेखावर दिसत नाही. मिनिटाची सरासरी काढली की वापर ३० टक्के दिसतो, आणि व्यवस्थापक निर्धास्त होतो. धरणात साठा किती आहे हे पाहून कालव्याच्या शेपटाकडच्या शेतात पाणी पोचले का, हे ठरवण्यासारखे ते आहे. खरी माहिती दुसरीकडे असते. कंटेनर किती खेपांत थांबवला गेला, हे लिनक्समध्ये ही वाटणी सांभाळणाऱ्या सीग्रुपच्या ‘सीपीयू डॉट स्टॅट’ या फाइलमध्ये लिहिलेले असते. व्हर्च्युअल मशीनमध्ये ‘टॉप’ कमांडच्या ओळीत शेवटी ‘एसटी’ हा आकडा असतो. मशीन कामाला तयार असूनही प्रोसेसर दुसरीकडे गुंतला होता, तो हा स्टील टाइम. सर्व्हर सांभाळणाऱ्यांपैकी फार थोडे जण तो रोज पाहतात, याची मला काळजी वाटते.

चाचणीही फसवते. ॲमेझॉनच्या टी२ मायक्रो मशीनला कायमचा हक्क एका व्हीसीपीयूच्या १० टक्क्यांचा. तासाला ६ क्रेडिट जमतात, एक क्रेडिट म्हणजे एक मिनिट पूर्ण वेग. दिवसभर रिकामे राहिलेले मशीन १४४ क्रेडिट साठवते आणि त्यावर अडीच तासांहून थोडे अधिक पूर्ण वेगाने धावते. साहजिकच अर्ध्या तासाची चाचणी उत्तम पार पडते. खरी गर्दी दुपारभर टिकली, तर साध्या योजनेत तेच मशीन दहा टक्क्यांवर उतरते.

आता त्या मूळ विश्वासाकडे पाहा. सगळ्यांना एकाच क्षणी प्रोसेसर लागणार नाही, हे किरकोळ दुकानांच्या वेबसाइटबाबत बऱ्याच अंशी खरे आहे. सार्वजनिक सेवांबाबत नाही. आपल्याकडे दहावी-बारावीचा निकाल बहुतेक वर्षी दुपारी एक वाजता लागतो, वातानुकूलित तत्काळ आरक्षण सकाळी दहाला उघडते, प्राप्तिकर विवरणपत्राची गर्दी शेवटच्या दिवशी उसळते. निकालाचे पान, लॉगिन, ओटीपी आणि गुणपत्रिका या सेवा एकाच सर्व्हरवर शेजारी शेजारी ठेवल्या, तर सगळ्यांना भूक एकदमच लागते. अशा ठिकाणी शेअर करण्याजोगा रिकामा वेळ उरतच नाही. खर्च वाचवायला एका कोअरवर जास्त मशीन बसवणारा इथे लोकांच्या वेळेशी जुगार खेळतो.

म्हणून निविदा काढणाऱ्या प्रत्येक विभागाला माझी विनंती आहे. व्हीसीपीयूची संख्या लिहून थांबू नका. एका कोअरवर किती व्हीसीपीयू विकले जातील, गर्दीच्या तासाला स्टील टाइम किती टक्क्यांपुढे जाणार नाही आणि गेला तर दंड काय, हे करारात लिहून घ्या. ज्या सेवेवर रुग्णाचा उपचार किंवा विद्यार्थ्याचा प्रवेश अवलंबून आहे, तिच्यासाठी राखीव कोअरच घ्या. ते महाग पडतील, पण तो खर्च अंदाजपत्रकात आधीच धरलेला असला पाहिजे.