शिवण आणि समीक्षा

"या कथेत कलात्मकतेपेक्षा कारागिरीच अधिक आहे." मराठी साहित्याच्या उत्तरपत्रिका तपासताना हे वाक्य मला दर वर्षी भेटते. मीही त्यावर बरोबरची खूण करीत आलो आहे, कारण विद्यार्थ्यांनी ते आम्हा शिक्षकांच्याच व्याख्यानांतून उचललेले असते. गेल्या पावसाळ्यात एका जुन्या सायकलच्या हँडलला कातडे शिवायला बसलो, तेव्हा या वाक्यातून आपण नेमके काय म्हणत असतो, असा प्रश्न पडला. प्रश्न सायकलीपेक्षा समीक्षेचा आहे, म्हणून येथे मांडतो आहे.

सायकल 'रॅले' कंपनीची, शर्यतीच्या बांध्याची, इंग्लंडात नॉटिंगहॅमला तयार झालेली. एका निवृत्त स्नेह्यांनी ती १९७०च्या दशकात तिकडून परतताना सोबत आणली होती. मेंढ्याच्या शिंगांसारख्या खाली वळलेल्या तिच्या हँडलला सुती फीत गुंडाळलेली होती आणि ती आता पार कुजली होती. नवी फीत गुंडाळणे हे अर्ध्या तासाचे काम. पण अशा हँडलला कातड्याची पट्टी लावून ती जागेवरच शिवण्याचीही एक रीत आहे. ती करून पाहण्याचा हट्ट माझा.

रीत सांगायला सोपी आहे. हँडलच्या नळीचा व्यास सुमारे २४ मिलिमीटर, म्हणजे घेर ७५च्या आसपास. पट्टी मात्र ७० मिलिमीटरच रुंद कापायची, कारण ओले कातडे ताणले जाते आणि वाळताना आवळून बसते. माझे कातडे बकऱ्याचे होते, झाडाच्या सालींनी कमावलेले, जेमतेम एक मिलिमीटर जाडीचे. प्रत्येक बाजूला दोन पट्ट्या लागतात : एक मधल्या जाड भागापासून ब्रेकच्या दांडीपर्यंत, दुसरी तिथून टोकापर्यंत. दोन्ही कडांना पाच-पाच मिलिमीटरवर भोके पाडायची. एकूण शिवण मीटरभराहून लांब, तेव्हा भोकांची संख्या चारशेच्या पुढे जाते. मेण लावलेल्या एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया ओवायच्या आणि कडा समोरासमोर आणून फुल्यांचे टाके घालत जायचे. शिवण नळीच्या खालच्या अंगाला ठेवायची. तेच अंग पुढे वळणाच्या आतल्या बाजूला जाते, त्यामुळे तळहाताला टाके बोचत नाहीत.

हे सारे मी कागदावर आकृती काढून, मापे लिहून केले. डावी बाजू शिवायला एक पूर्ण रविवार गेला आणि ती फसली. सरळ भागावर शिवण नीट होती. पण माझा उजवा हात डाव्यापेक्षा जरा जोराने दोरा ओढत होता, म्हणून ती हळूहळू नळीभोवती फिरत वर येऊ लागली. वळणावर आणखीच वेगळी अडचण. वळणाच्या बाहेरच्या अंगाला कातडे कमी पडते, आतल्या अंगाला ते जास्त होते, आणि जास्तीचे कातडे नेमके शिवणीपाशी चुण्या होऊन गोळा होते. आकृतीत हे कोठेच नव्हते.

शेवटी सायकल घेऊन आमच्या कोपऱ्यावरच्या चांभारकाकांकडे गेलो. चाळीस वर्षे ते त्याच जागी बसतात. त्यांनी शिवणीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "सर, हे तुम्ही शिवलेलं नाही, आवळलेलं आहे."

"मग काय करू, काका?"

"आधी कातडं वळवून घ्या. दर चार बोटांवर कच्चा टाका घाला, भिजवा, अंगठ्यानं दाबत दाबत बसवा. ते बसलं की शिवायचं. आणि सगळे टाके सारखे ओढू नका. जिथं कातडं मागतंय तिथं ढील द्या."

कातडे कोठे 'मागते' आहे, हे कसे ओळखायचे, असे मी विचारले. त्यांनी माझा अंगठा धरून वळणावर टेकवला. याहून अधिक स्पष्टीकरण त्यांच्यापाशी नव्हते, आणि ते अपुरेही नव्हते. उजवी बाजू मी त्यांच्या सांगण्याप्रमाणे शिवली. ब्रेकच्या दांडीपाशी पट्टी कोठे कापावी, हे मी आधी मोजून ठेवले होते. प्रत्यक्षात कातडे लांबीतही ताणले गेले होते, तेव्हा जुनी खूण सोडून नव्या ठिकाणी कापले. नंतर डावी बाजू उसवून पुन्हा शिवली.

आता समीक्षेकडे वळतो. कला आणि कारागिरी यांतील भेद आपण वर्गात शिकवतो, तेव्हा जाणता-अजाणता आर. जी. कॉलिंगवुड यांच्या 'द प्रिन्सिपल्स ऑफ आर्ट' (१९३८) या ग्रंथाच्या सावलीत बोलत असतो. त्यांच्या मते कारागिरीत साधन आणि साध्य वेगळे असतात, योजना आणि अंमलबजावणी वेगळ्या असतात. काय घडवायचे आहे, हे कारागिराला घडवण्यापूर्वीच ठाऊक असते. कलावंताला मात्र आपल्याला काय म्हणायचे होते, हे म्हणून झाल्यावरच कळते. एकच वस्तू कलाकृतीही असू शकते आणि कारागिरीही, हे त्यांनी मान्य केले होते. आपण ती सावधगिरी वगळली आणि भेदाची उतरंड केली.

माझ्या हँडलवर हा भेद टिकला नाही. योजना आणि अंमलबजावणी वेगळी ठेवून काम केले तेव्हाच तर ते फसले. कोठे कापायचे हे शिवताना कळले. किती ओढायचे हे प्रत्येक टाक्याला नव्याने ठरवावे लागले. 'हँडलला कातडे बसवणे' हे साध्य आधीपासून ठाऊक होते, हे खरे. पण सुनीत लिहिणाऱ्यालाही आपण चौदा ओळी लिहिणार आहोत, हे ठाऊक असतेच. एवढ्या पूर्वज्ञानाने ते सुनीत कलेच्या बाहेर जात नाही.

याहून उपयोगी भेद मला डेव्हिड पाय यांच्या 'द नेचर अँड आर्ट ऑफ वर्कमनशिप' (१९६८) या पुस्तकात सापडला. पाय हे लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये फर्निचरच्या रचनेचे प्राध्यापक होते. ते कामाचे दोन प्रकार मानतात : जोखमीचे आणि निश्चितीचे. जोखमीच्या कामात फळ शेवटच्या क्षणापर्यंत हाताच्या निर्णयावर अवलंबून असते. निश्चितीच्या कामात ते साच्याने किंवा यंत्राने आधीच ठरवून टाकलेले असते. त्यांचे उदाहरण आपल्या क्षेत्रातले आहे : लेखणीने लिहिणे हे जोखमीचे, छपाई ही निश्चितीची. दुसरा प्रकार हीन आहे, असे पाय म्हणत नाहीत.

योगायोग असा की दुसऱ्या प्रकारच्या कामाचे उत्तम कादंबरीरूप याच सायकलच्या गावी घडले आहे. ॲलन सिलिटो तरुणपणी रॅलेच्या कारखान्यात कामाला होते. त्यांच्या 'सॅटरडे नाइट अँड संडे मॉर्निंग' (१९५८) या कादंबरीचा नायक आर्थर सीटन नॉटिंगहॅमच्या सायकल कारखान्यात लेथवर काम करतो. मजुरी नगावर. फार वेगाने काम केले तर दर कापला जाईल, म्हणून तो वेग जपून ठेवतो. हात एकसारखे नग काढत असतात, आणि मन भलतीकडे मोकळे फिरत असते. हँडल शिवताना माझे मन एका टाक्यापुरतेही भटकू शकले नाही. भटकले की शिवण फिरत होती. म्हणजे एकाच सायकलच्या अंगावर दोन्ही प्रकारची कामे नांदतात. दोन्हींना 'कारागिरी' म्हणून मोकळे होणे हा शब्दाचा आळस आहे.

आपल्याकडे या आळसाला इतिहास आहे. ना. सी. फडके यांच्या 'प्रतिभासाधना'ने तंत्राला प्रतिष्ठा दिली. १९४५ नंतर नवकथेच्या बाजूने लिहिणाऱ्यांनी तंत्राकडे संशयाने पाहिले. गुंफलेल्या, कलाटणीच्या कथेविरुद्ध ते बंड आवश्यक होते. पण साच्यावरचा राग हातावर निघाला. घडणीची दृश्य खूण दिसली, की प्रतिभा कमी पडली असा अर्थ लावायची सवय आपल्याला लागली.

आणि दुसरे एक कारण आहे, जे आपण वर्गात बोलत नाही. ज्या समाजाने आरी आणि रापी हाती असलेल्या माणसाला अस्पृश्य ठरवले, त्या समाजाच्या भाषेत 'कारागिरी' हा शब्द कमीपणाचा व्हावा, यात नवल ते काय? योजना करणारे डोके वर आणि राबणारा हात खाली, ही उतरंड कॉलिंगवुड वाचण्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या अंगवळणी पडलेली होती. मला आरी हौसेखातर धरता आली. ज्यांच्यावर ती जन्माने लादली गेली, त्यांच्यासाठी ती हौस नव्हती. त्यामुळे हातकामाचे गोडवे गाणे मला पटत नाही. त्या कामातील विचाराला विचार म्हणावे, इतकेच माझे म्हणणे आहे. काकांनी माझ्या शिवणीवर केलेला शेरा ही समीक्षाच होती : कृती पाहून, दोष नेमका दाखवून, त्याचे कारण सांगणारी. आमच्या कित्येक शोधनिबंधांत यांपैकी तीनही गोष्टी नसतात.

यावर आक्षेप येईल : निर्जीव सफाईने रचलेल्या कथा असतातच, त्यांना मग काय म्हणावे? त्यांना 'साचेकाम' म्हणावे. त्यांचा दोष त्यांत हात दिसतो हा नाही. त्यांत हाताने कोठेच जोखीम घेतलेली नाही, हा आहे. शेवट आधी कापून ठेवलेला असतो आणि कथा कितीही ताणली गेली तरी लेखक जुन्याच खुणेवर कात्री चालवतो. असा दोष नेमक्या परिच्छेदावर बोट ठेवून दाखवता येतो. 'कारागिरी अधिक, कला कमी' असे म्हणताना मात्र काहीच दाखवावे लागत नाही.

म्हणून यंदापासून मी एक नियम केला आहे. उत्तरपत्रिकेत ते वाक्य आले, तर समासात लिहितो : 'कोठे? टाका दाखवा.' विद्यार्थी कुरकुरतात, पण दोघातिघांनी कथा पुन्हा वाचून बोट ठेवले, आणि त्यांतल्या एकीने सप्रमाण दाखवले की आम्ही जिला वर्षानुवर्षे कृत्रिम म्हणत आलो, ती कथा मुळात तशी नाहीच.

हँडलचे कातडे आता वाळून घट्ट बसले आहे. डाव्या बाजूला, जिथे उसवून पुन्हा शिवले, तिथे जुन्या ताणाने रुंदावलेली सात-आठ भोके दिसतात. ती बुजवण्याचा उपाय काकांना विचारला, तर ते म्हणाले, "राहू द्या की. पुढच्या वेळी हात आपोआप सांभाळून चालेल."