‘जैसे थे’ म्हणजे जिंकलो नव्हे!

आमच्या गल्लीतले एक काका गेल्या आठवड्यात कागदांची पिशवी घेऊन घरी आले. भावकीतला वाद, वडिलोपार्जित घर. चेहरा खुललेला. म्हणाले, “अरे, कोर्टाकडून स्टेटस को मिळाला! जिंकलोच म्हणायचं. आता पावसाच्या आधी मागची भिंत पाडून पक्की बांधून घेतो.”

मी आधी त्यांना बसवलं, पाणी दिलं, मग आदेश वाचला. ‘दोन्ही पक्षांनी’ असं स्पष्ट लिहिलं होतं. म्हणजे भावाने हात लावायचा नाही आणि काकांनीही नाही. भिंत पाडली असती तर आदेश मोडल्याबद्दल मालमत्तेवर जप्ती येऊ शकली असती, तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदही होऊ शकली असती. दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश ३९, नियम २-अ वाचा.

‘स्टेटस को’ हे लॅटिन. मूळचा वापर तहातला: लढाई थांबल्यावर सगळं लढाईआधी होतं त्या स्थितीत आणायचं. कोण बरोबर, कोण चूक, हा प्रश्न त्यात नाहीच. मराठीत आपण त्याला ‘जैसे थे’ म्हणतो. शब्द झकास आहे, पण लोक त्याचा अर्थ ‘माझं मला राहिलं’ असा लावतात, तिथेच घोळ होतो.

दुसरा शब्द ‘एक्स पार्टे’. आपल्याकडे तो ‘एक्स पार्टी’ होतो आणि ऐकणारा विचारतो, ही कुठली नवी पार्टी? अर्थ साधा: एका बाजूने. तुम्ही तारखेला गेलाच नाहीत, म्हणून समोरच्याचं ऐकून निकाल लागला. असा हुकूमनामा रद्द करून घ्यायला मुदत असते ३० दिवस. समन्स नीट बजावलंच नसेल, तर निकाल कळल्यापासून ३० दिवस. अर्थ कळेपर्यंतच महिना गेला तर?

‘कॅव्हेट’चंही तेच. कॅव्हेट टाकलं की समोरच्याला केसच करता येत नाही, असं पारावर छातीठोक सांगणारे भेटतात. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘सावध राहावं’, एवढाच. मला न ऐकता आदेश देऊ नका, ही कोर्टाला आधीच केलेली विनंती. तीही ९० दिवसांपुरती, मग पुन्हा दाखल करायची. (शाळेतला ‘बोनाफाईड’ही लॅटिनच बरं का: सद्भावनेने, खरेपणाने.)

माझा राग परक्या भाषेवर नाही. वकील, दावा, मुदत, जामीन हे शब्द तरी कुठे आपले होते? अरबी-फारसीतून आले, मुरले, आता आजीलाही कळतात. लॅटिन मात्र काळ्या कोटापलीकडे आलंच नाही. १९९८ पासून जिल्हा आणि तालुका कोर्टांची भाषा मराठी आहे, तरी पक्षकाराच्या कानावर पडतं ते हेच.

आपल्या त्र्यंबकमध्ये देशभरातून यजमान येतात. संकल्प संस्कृतात असतो, पण गुरुजी मध्येच थांबून हिंदीत सांगतात: आता नाव घ्या, आता गोत्र, आता पाणी सोडा. अक्षर संस्कृत न येणारा माणूसही चुकत नाही. मग घरादाराचा प्रश्न असलेल्या कागदाला हे का जमू नये? आदेशाच्या शेवटी साध्या मराठीत तीन ओळी हव्यात: काय करायचं, काय करायचं नाही, किती दिवसांत. वकिलांनीही फी घेताना तेवढं समजावून सांगावं. आणि आपणही नुसती मान डोलावून बाहेर पडू नये. “साहेब, म्हणजे मी घरी जाऊन नेमकं काय करू?” असं विचारायला लाज कसली?

काकांनी आता दुरुस्तीपुरती परवानगी मागणारा अर्ज तयार करायला दिलाय. तोवर भिंतीवर ताडपत्री. ब्रह्मगिरीवर ढग उतरले की ते दारातून हाक मारतात, “अरे, ताडपत्री बांधली तरी ‘जैसे थे’च राहतं ना?”