पत्र्याच्या डब्यातल्या गोळ्या

आमच्या इंदिरानगरच्या घरात फ्रीजवर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा असायचा. त्यात उरलेल्या गोळ्या. कुणाच्या दाताच्या, कुणाच्या घशाच्या, बऱ्याचशा पोटाच्या. जुलाब झाले, मुरडा आला की नात्यातलं कुणीही हक्काने माझ्याकडे यायचं आणि मी ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची पट्टी कात्रीने कापून द्यायचो. मी डॉक्टर नाही. पण खानदानात शिकलेला मी, म्हणून हा मान आपोआप माझ्याकडे आला होता. पट्टीवरच्या लाल रेघेचा अर्थ चिठ्ठीशिवाय घेऊ नये असा आहे, हेही मला माहीत होतं.

वडाळ्यात राहणाऱ्या माझ्या आपाच्या मुलाला रमजानमध्ये ताप आला. दहावीचे पेपर चालू होते. पोटही बिघडलेलं, म्हणून आम्ही इफ्तारच्या सरबतातल्या बर्फावर खापर फोडलं आणि मी डब्यातल्या गोळ्या दिल्या. तीन दिवस. ताप जरा उतरला, परत चढला. मग एका दवाखान्यात विडाल टेस्ट झाली, सलाईन लागलं, आणखी कसलंसं अँटिबायोटिक सुरू झालं. आठव्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी रक्ताचं कल्चर करायला लावलं. त्यात काहीच उगवलं नाही. "याआधी काय काय दिलंय?" त्यांनी विचारलं. मी डब्याचं सांगितलं. त्यांनी समजावलं की अर्धवट औषधाने रोग जात नाही, पण रक्तातले जंतू इतके कमी होतात की तपासणीत सापडत नाहीत. ते सापडले असते तर कोणतं औषध त्यांच्यावर चालतं हेही कळलं असतं. आता अंदाजानेच चालायचं.

"कोर्स पूर्ण करा" हे आपल्याला सगळेच सांगतात. तपासणीच्या आधी घेतलेली पहिली गोळी काय करते, हे मात्र मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. आणि टायफॉइडमध्ये आता अंदाज महागात पडतो. १९७२ मध्ये केरळातल्या कालिकतला क्लोरॅम्फेनिकॉलला दाद न देणाऱ्या टायफॉइडची साथ आली. पुढे सिप्रोफ्लॉक्सासिन आलं. सुरुवातीला गुणकारी होतं, पण आज भारतातले टायफॉइडचे बहुतेक जंतू त्याला पुरते बधत नाहीत. माझ्या डब्यातलं ओफ्लॉक्सासिन त्याच घराण्यातलं! आता भिस्त सेफ्ट्रियाक्सोन आणि अझिथ्रोमायसिनवर. २०१६ पासून सिंधमधल्या हैदराबादेत सेफ्ट्रियाक्सोनलाही न जुमानणारा टायफॉइड पसरला. तो गुण त्या जंतूने बहुधा आतड्यातल्याच ई. कोलाय या दुसऱ्या जंतूकडून उचलला होता. म्हणजे साध्या जुलाबावर उगाच घेतलेली गोळी पोटातल्या इतर जंतूंनाही तालीम देते आणि ते ती पुढे वाटतात. मुंबईतही सेफ्ट्रियाक्सोनला न जुमानणारे टायफॉइडचे जंतू सापडल्याचा शोधनिबंध २०२१ मध्ये आला आहे.

तरीही मोहल्ल्यातल्या माणसाला दोष देऊन मोकळं होणं मला पटत नाही. रोजंदारीवरच्या माणसाला कल्चर परवडत नाही आणि रिपोर्टसाठी चार दिवस थांबणंही परवडत नाही. म्हणून जागोजागी विडाल चालते. ती १८९६ सालची चाचणी, जुन्या संसर्गामुळेही पॉझिटिव्ह येऊ शकते. आमच्याकडे दर दुसऱ्या तापाला "टायफॉइड निघाला" म्हणतात, ते हिच्याच जोरावर. मनपाच्या दवाखान्यात कल्चर फुकट आणि सहज झालं पाहिजे, अशी मागणी आपण का करत नाही? नळ आणि गटाराच्या तक्रारी घेऊन नगरसेवकाकडे जातोच ना. तीही याच रोगाची बाब आहे. वुजूला चालणारं पाणी प्यायलाही चालेल, असं नसतं.

नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये टायफॉइडच्या नव्या लसीची मोहीम घेतली आणि पहिल्या टप्प्यात एक लाखाहून जास्त मुलांना ती दिली. ती लस आपल्या हैदराबादेत बनते. ज्याला टायफॉइड होतच नाही त्याला त्याचं अँटिबायोटिकही लागत नाही. २०२७ मध्ये नाशकात कुंभमेळा आहे, लाखो माणसं याच शहराचं पाणी पिणार आहेत. त्याआधी अशी मोहीम इथल्या मुलांसाठीही व्हावी. रामकुंडाजवळच्या मुलांसाठी आणि वडाळ्यातल्याही.

भाचा इंजेक्शनांवर बरा झाला, पण दोन पेपर बुडाले आणि जुलैत पुन्हा बसावं लागलं. डबा अजून फ्रीजवरच आहे. आता त्यात फक्त ओआरएसची पाकिटं आहेत. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच मीठ-साखरेच्या पाण्याने कॉलऱ्याचे मृत्यू तीस टक्क्यांवरून चारच्या खाली आणले होते. रक्त पडत असेल किंवा ताप चढत असेल, तर मी सरळ डॉक्टरकडे धाडतो. यावरून दोन-तीन नातेवाईक नाराज आहेत.

ईदनंतर मी आपाची माफी मागायला गेलो. ती शेवया वाढत होती. म्हणाली, "गोळ्या मीच मागवल्या होत्या रे तुझ्याकडून. दोनशे रुपये वाचतील म्हणून."